मोरो लोकांची जुनी शस्त्रे आणि आमच्या वर्गातला अडकित्ता : जतन म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. फिलिपिन्स देशाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या मोरो लोकांची जुनी शस्त्रं, आणि ती स्वच्छ किंवा दुरुस्त करताना त्यांच्या परंपरेचा मान कसा राखायचा, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे कुठून सुचलं? तर त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून झाली. ती आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमी जवळ आली होती. मी चौथीच्या मुलांना सांगितलं, "घरातलं एखादं जुनं अवजार किंवा वस्तू छान स्वच्छ करून आणा. आपण वर्गात प्रदर्शन मांडू." मुलांनी खुरपं, विळा, कंदील, पितळी तांब्या, अडकित्ता, काय काय आणलं! त्यात मी आणखी एक भर घातली. ज्याची वस्तू सगळ्यात चकचकीत, त्याला पेन बक्षीस. एका मुलीचा अडकित्ता आरशासारखा चमकत होता. "बाई, मी दोन दिवस पॉलिश पेपरनं घासला," ती म्हणाली. मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि तिला पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. रागावली नाही. अडकित्ता माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, ह्याच्या दांडीवर ठिपक्या-ठिपक्यांनी आमच्या सासूबाईंचं नाव घातलेलं होतं. बघा आता दिसतंय का." मी खिडकीपाशी जाऊन, तिरका धरून पाहिला. एक काना आणि शेजारचे दोन-तीन ठिपके, एवढंच उरलं होतं. आजी जाताना म्हणाली, "पोरीला काही बोलू नका. तिला काय माहीत."

मुलीला माहीत नव्हतं, हे खरं. पण मला तरी कुठे माहीत होतं? बक्षीस तर मीच लावलं होतं.

काही दिवसांनी हा प्रसंग मी माझ्या मावसभावाला फोनवर सांगितला. तो बोटीवर असतो. त्याच्यासोबत फिलिपिन्सचे बरेच लोक काम करतात. त्यातल्या एकाच्या घरी आजोबांच्या काळातलं एक शस्त्र आहे, त्याचा फोटो भावाने मला पाठवला. रुंद पानासारखं, काळपट पातं. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "एवढं काळं पडलंय, घासत का नाहीत?" म्हणजे आजी येऊन गेल्यावरही मी तिथेच होते! भाऊ म्हणाला, "ते मुद्दाम घासत नाहीत. फक्त तेल लावतात." तिथून मी वाचायला लागले. वाचलेलं, समजलेलं आज तुमच्यासमोर मांडते.

मोरो म्हणजे कोण?

फिलिपिन्सच्या नकाशात अगदी खाली मिंदानाव हे मोठं बेट दिसतं. त्याच्या नैर्ऋत्येला सुलू बेटांची माळ आहे. या भागात राहणाऱ्या मुस्लिम समाजांना मिळून मोरो म्हणतात. त्यात ताउसूग, मारानाव, मागिंदानाव, याकान, सामा, इरानून असे वेगवेगळे समाज येतात. त्यांच्या भाषा वेगळ्या, नक्षीकाम वेगळं आणि शस्त्रांची घडणही वेगळी.

'मोरो' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. स्पेनचे लोक उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांना मूर म्हणायचे, तेच नाव त्यांनी इथल्या लोकांना चिकटवलं. पुढे या समाजांनी ते नाव अभिमानाने आपलंसं केलं. २०१९ साली तिथे जो स्वायत्त प्रदेश स्थापन झाला, त्याच्या नावातही 'बांगसामोरो' हा शब्द आहे.

आपल्या मुलांना जवळचे वाटतील असे दोन धागेही सांगते. मारानाव लोकांमध्ये 'महारादिया लावाना' नावाची एक कथा आहे. ती रामायणाचंच तिथलं रूप आहे; लावाना म्हणजे रावण. आणि त्यांच्या लाकडी नक्षीकामात, ज्याला ते ओकिर म्हणतात, 'नागा' ही वळणदार आकृती येते. नाग हा शब्द आपल्याकडून समुद्रापार गेलेला आहे.

चार शस्त्रांची ओळख

क्रिस : ताउसूग भाषेत याला कालिस म्हणतात, मागिंदानाव आणि मारानाव लोक सुंदांग म्हणतात. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं. काही नागमोडी, काही सरळ, काही अर्धं नागमोडी आणि पुढे सरळ. इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा क्रिस आकाराने छोटा आणि भोसकण्यासाठी असतो. मोरो क्रिस त्याहून मोठा आणि जड. तो खरी तलवार आहे, वार करण्यासाठी घडवलेली.

बारोंग : सुलू बेटांतलं आणि बासिलानचं शस्त्र. पानाच्या आकाराचं रुंद पातं, एकाच बाजूला धार, पाठ चांगली जाड. भावाने पाठवलेला फोटो याचाच होता.

कांपिलान : लांबच लांब, मुठीपाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जाणारी एकधारी तलवार. एकूण लांबी साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर. मुठीचं टोक जबडा उघडलेल्या प्राण्यासारखं दुभंगलेलं. कधी त्याला केसांचे झुबके लावलेले असतात.

पानाबास : पुढच्या बाजूला वाकलेलं जड पातं आणि लांब दांडा. कुऱ्हाड आणि कोयता यांच्या मधलं काहीतरी.

यातली गमतीची गोष्ट म्हणजे क्रिस आणि बारोंग यांच्या अनेक मुठींचं टोक पक्ष्याच्या डोक्यासारखं कोरलेलं असतं. मागे तुरा, पुढे चोच. त्याला 'काकातुआ' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला काकाकुवा! दोन्ही शब्द मलय भाषेतल्या एकाच शब्दाशी नातं सांगतात. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलं फळ्यावरच्या चित्राकडे बघून ओरडली, "बाई, खरंच काकाकुवा आहे!"

काळं पातं म्हणजे घाण नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे येते. जुनं शस्त्र हातात आलं की माणूस दोन गोष्टी करायला धावतो : चमकवायची आणि धार लावायची. मोरो शस्त्रांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींनी मोठं नुकसान होतं. का, ते समजून घेऊ.

मोरो लोहार म्हणजे 'पान्दाय'. जुन्या चांगल्या पात्यांसाठी तो लोखंड आणि पोलादाचे थर एकत्र तापवून, ठोकून एकजीव करायचा. काही क्रिसांत तर हे थर पीळ देऊन घातलेले असतात. अशा पात्यावर सौम्य आम्लाचा परिणाम झाला की वेगवेगळे थर कमी-जास्त काळे होतात आणि पात्यावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ही नक्षी वरून रंगवलेली नसते, ती पात्याच्या घडणीतून वर आलेली असते. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवला की ती दिसेनाशी होते आणि पातं स्टीलच्या पट्टीसारखं सपाट चकचकीत होतं. घेणाऱ्याला वाटतं, वा, नवंकोरं! पान्दायची सही मात्र गेलेली असते.

दुसरं म्हणजे, काळपट रंग आणि गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा थर हा जिवंत गंज. तो लोखंड खात राहतो, त्यामुळे त्याला थांबवावंच लागतं. पण गडद तपकिरी किंवा काळा, घट्ट बसलेला थर हा बऱ्याचदा त्या पात्याने वर्षानुवर्षं मिळवलेला रंग असतो. तो पुढे पसरत नाही. तो खरवडून काढला तर खाली नुसतं उघडं लोखंड राहतं, आणि त्याला गंज लवकर चढतो.

तिसरी गोष्ट मला फार आवडली. जुन्या मोरो क्रिसमध्ये मुठीला लागून असलेला पात्याचा रुंद भाग वेगळा घडवून बसवलेला असतो. त्याला 'गांग्या' म्हणतात. तो आणि पातं यांच्यात बारीक सांधा दिसतो. विसाव्या शतकातल्या अनेक क्रिसांत मात्र तो वेगळा तुकडा नसतो, सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरलेली असते. म्हणजे ही एक बारीक रेघ त्या शस्त्राचं वय सांगायला मदत करते! तिथे घाण साचली आहे असं समजून कुणी सांधा घासून सपाट केला, तर शस्त्राचा जन्मदाखलाच फाडल्यासारखं होईल.

तसंच धारेवरच्या खाचांचं. त्या खाचा कुठल्या तरी आघाताने पडलेल्या असतात. घासून सरळ केल्या की पातंही अरुंद होतं आणि घडलेली गोष्टही पुसली जाते. काही पात्यांवर अरबी लिपीतली अक्षरं किंवा रक्षणासाठी कोरलेली चिन्हं असतात. ती उथळ असतात, आमच्या अडकित्त्यावरच्या ठिपक्यांसारखीच.

ही शस्त्रं जगभर कशी पोचली?

हा भाग मुलांना सांगताना वयाचं भान ठेवावं लागतं. मोठ्यांनी मात्र तो जाणून घ्यायला हवा, कारण आदर म्हणजे काय ते इथे कळतं.

स्पेनने फिलिपिन्सवर तीनशे वर्षांहून जास्त काळ राज्य केलं, पण मोरो प्रदेश त्यांना पूर्ण ताब्यात घेता आला नाही. पुढे अमेरिकेची सत्ता आली. १९०६ च्या मार्चमध्ये सुलूतल्या होलो बेटावर बुद दाहो या डोंगरमाथ्यावर अमेरिकी सैन्याने बायका-मुलांसह शेकडो मोरो माणसं मारली. १९११ साली मोरो लोकांनी शस्त्रं जमा करावीत असा हुकूम निघाला. १९१३ मध्ये बुद बागसाक इथे पुन्हा मोठी लढाई झाली. या सगळ्या वर्षांत कितीतरी शस्त्रं जप्त झाली, विकली गेली, मेलेल्यांच्या हातातून उचलली गेली आणि सैनिकांच्या पेट्यांतून आठवण म्हणून परदेशी गेली. आज अमेरिकेत एखाद्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या पेटीत क्रिस सापडतो, तो असा गेलेला असतो.

मोरो घरांत अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वस्तू म्हणजे 'पुसाका', वारसा. दातू, म्हणजे तिथला सरदार, याच्या पोशाखात कमरेचा क्रिस हा मानाचा भाग असायचा. एका घराचा पुसाका दुसऱ्या घरातली शोभेची वस्तू होतो तेव्हा तो स्वच्छ करणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते. तो ज्यांचा होता ते लोक शेजारी उभे नाहीत, "इथे आमचं नाव होतं" असं सांगायला आजी येणार नाही.

आपल्यालाही हे समजायला कठीण नाही. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या मुदतीवर. तेव्हा आपल्या मनात जे आलं ते आठवा. तसंच मन तिकडच्या लोकांनाही आहे.

मग जतन करायचं तरी कसं?

जाणकार लोक ज्या क्रमाने जातात तो क्रम साध्या भाषेत देते. एक गोष्ट आधीच सांगते : हे काम मोठ्या माणसांचं आहे, मुलांचं नाही. आणि वस्तू मौल्यवान असेल तर तज्ज्ञाचंच.

१) आधी बघा, मग नोंद करा. चारही बाजूंनी फोटो काढा. लांबी, रुंदी, वजन लिहा. कुठे खाच आहे, कुठे अक्षर आहे, मूठ सैल आहे का, हे वहीत उतरवा. वस्तू कुठून आली, कुणी दिली, तेही लिहा. या पायरीला हात लावायचा तो फक्त वहीला.

२) हातमोजे घाला. बोटांच्या घामात मीठ असतं आणि त्याने लोखंडावर बोटांचे ठसे गंजून उमटतात.

३) आधी धूळ, मग तेल. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपायची. जिवंत गंजावर शिवणयंत्राला घालतो तसं पातळ खनिज तेल लावून थांबायचं. एक दिवस, दोन दिवस. मग मऊ झालेला गंज बांबूच्या काडीने किंवा जाड सुती कापडाने हलकेच काढायचा. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. अगदीच गरज पडली तर सगळ्यात बारीक प्रतीची स्टील वूल, तीही तेलासोबत आणि फक्त गंजाच्या डागापुरती. पॉलिश पेपर, ग्राइंडर, तारेचा ब्रश, चिंच, आम्लाचे रेडिमेड द्रव यांतलं काही नाही. ग्राइंडरने आणखी एक धोका असतो : पातं इतकं तापू शकतं की त्याचं पाणी उतरतं.

४) धार लावू नका. जुन्या शस्त्राला आता धारेचं काम उरलेलं नाही.

५) मुठीला वेगळा नियम. मूठ लाकडाची, कधी हस्तिदंताची, कधी चांदीच्या पत्र्याने मढवलेली किंवा सुतळीसारख्या दोऱ्याने गुंडाळलेली असते. पाणी लावायचं नाही. मुठीच्या आत पातं राळेसारख्या चिकट पदार्थाने बसवलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या मुठीतही लाख, राळ घालून पातं बसवायचे, तसंच. मूठ हलते म्हणून ती ओढून काढली, तापवली, की लाकूड तडकतं. हलत असेल तर हलू द्या, वस्तू आडवी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

६) शेवटी रक्षण. पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात किंवा संग्रहालयांत वापरतात तसं मेण. खोबरेल, गोडेतेल नको, ती कालांतराने कुबट आणि चिकट होतात. पातं कायम म्यानात ठेवू नका. म्यानातलं लाकूड दमट झालं की आतल्या आत गंज वाढतो.

दुरुस्ती कुठपर्यंत?

सगळ्यात अवघड प्रश्न इथे येतो. क्रिसला मुठीशी घट्ट धरणारी धातूची छोटी पट्टी असते, तिला 'आसांग-आसांग' म्हणतात. तांब्याची, पितळेची, चांदीची. समजा ती हरवली आहे. नवीन बसवायची की नाही?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्हींमागे विचार आहे. संग्रहालयवाले म्हणतात, जे नाही ते नाही, आहे तेवढं सांभाळा. परंपरा जगणारे लोक म्हणतात, शस्त्र वापरातलं होतं तेव्हाही पट्टी तुटली की नवी बसवायचे, मूठ खराब झाली की नवी करायचे. हे खरंच आहे. शंभर-दीडशे वर्षांचं पातं आणि त्यावर नंतरच्या पिढीने बसवलेली मूठ, अशी शस्त्रं कितीतरी आहेत. ती मूठ 'मूळची नाही' म्हणून काढून टाकणं हीसुद्धा चूकच. कुणा नातवाने आजोबांच्या पात्याला मूठ करून घेतली, हाही त्याच शस्त्राचा इतिहास आहे.

मला पटलेला मधला मार्ग असा. नवीन भाग बसवायचाच असेल तर तो त्याच प्रकारच्या धातूचा किंवा लाकडाचा, त्याच पद्धतीचा हवा. शक्यतो ती कला जाणणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावा. मारानाव लोकांचं तुगाया हे गाव आजही पितळकामासाठी आणि कोरीव कामासाठी ओळखलं जातं, म्हणजे कारागीर संपलेले नाहीत. नवा भाग पुढे कधी काढावा लागला तर मूळ वस्तूला इजा न होता निघायला हवा. आणि नोंदवहीत स्पष्ट लिहायचं : हा भाग नवीन, अमुक साली बसवला. जुना दाखवून किंमत वाढवायची नाही. जुना तुटका तुकडा असेल तर तो टाकायचा नाही, पिशवीत घालून सोबत ठेवायचा.

आणि एक गोष्ट सगळ्यांत आधीची. विचारायचं. ज्यांची वस्तू आहे त्या समाजातल्या लोकांना विचारायचं, हे चिन्ह काय आहे, हे केस कसले आहेत, हे असंच ठेवू का? शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये फिलिपिन्समधल्या सुमारे १० हजार वस्तू आहेत. तिथल्या संग्रहालयाने फिलिपिनो समाजातल्या लोकांना सोबत बसवून या वस्तूंची माहिती नव्याने समजून घ्यायचं काम हाती घेतलं. आपल्या घरात एवढं मोठं काही करायचं नाही. फक्त घासायच्या आधी आजीला हाक मारायची.

वर्गात काय घेता येईल?

चौथीला आपण परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. शस्त्रांचा विषय निघतोच आणि मुलं लढाईच्या गोष्टींत रमतात. त्याच वेळी हा पाठ घेतला तर वस्तूकडे बघण्याची वेगळी सवय लागते. मी यंदा घेतलेल्या चार कृती देते. खरी धारदार वस्तू वर्गात आणायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. चित्र आणि फोटो पुरतात.

कृती १ : छाप घ्या. घरातल्या नाव घातलेल्या भांड्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासायची. नाव कागदावर उमटतं. भांड्याला काही होत नाही. माझ्या वर्गात एकवीस नावं जमली. त्यातली काही कुणाची आहेत हे घरातही कुणाला सांगता येईना, मग मुलांनी चुलत आजोबांना फोन लावले.

कृती २ : तीन खिळे. एक खिळा पाण्यात अर्धा बुडवून, एक कोरड्या बाटलीत, एक तेल लावून ठेवायचा. रोज बघायचं, आठ दिवस नोंद करायची. गंज कशाने येतो आणि तेल काय करतं हे सांगावं लागत नाही.

कृती ३ : वस्तूची वही. एक जुनी वस्तू निवडायची. तिचं चित्र काढायचं, पण चरे, खड्डे, डाग यांच्यासकट. प्रत्येक खुणेसमोर एक प्रश्न लिहायचा. "हा पोचा कसा पडला?" मग घरातल्या मोठ्यांना विचारून उत्तर लिहायचं. उत्तर मिळालं नाही तर जागा रिकामी ठेवायची, मनाने काही लिहायचं नाही.

कृती ४ : चर्चा. "तुटलेली मूठ नवीन बसवावी का?" अर्धा वर्ग हो, अर्धा वर्ग नाही. मी मध्ये पडले नाही. एका मुलाने विचारलं, "बाई, नवीन बसवली आणि वहीत लिहून ठेवलं तर?" मोठ्यांना जे वाचून कळलं ते त्याला न वाचता सुचलं होतं.

पालकांसाठी एक सूचना. घरात खरोखर जुनी तलवार, कट्यार असेल तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि शस्त्रांना शस्त्र कायदाही आहे, म्हणून जवळच्या पुरातत्त्व कार्यालयात माहिती घ्या. साफसफाईसाठी पॉलिशवाल्याकडे देण्याआधी एखाद्या संग्रहालयाला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करणारं स्वतंत्र केंद्र आहे.

शेवटी अडकित्त्याबद्दल

यंदाच्या खंडेनवमीला मी पुन्हा प्रदर्शन मांडलं. चकचकीतपणाचं बक्षीस नव्हतं. प्रत्येक वस्तूशेजारी मुलांनी वहीचं पान ठेवलं होतं. ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे, पण तिने तो अडकित्ता आवर्जून आणला. शेजारच्या पानावर तिने लिहिलं होतं : "हा माझ्या पणजीचा अडकित्ता. यावर तिचं नाव होतं. ते मी घासताना गेलं. एक काना आहे." खाली तिने पणजीचं पूर्ण नाव ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं होतं. आजीला विचारून.

आजीही आली होती. मी म्हटलं, "आजी, कासाराकडून नाव पुन्हा घालून घेऊ का? खर्च मी करते." तिने थोडा विचार केला. म्हणाली, "नको बाई. त्यांनी घातलेलं ते गेलं. आता पोरीचं पान आहे की." मग तिने अडकित्ता फडक्यात गुंडाळला, पान घडी घालून त्याच फडक्यात ठेवलं.

तुमच्या शाळेत, घरात असा एखादा अनुभव आला असेल, चांगला किंवा माझ्यासारखा चुकीचा, तर जरूर कळवा. आणि या दिवाळीत भांडी घासायला काढाल तेव्हा आधी एकदा उलटी करून, तिरकी धरून बघा.